सासूबाईंना चिकटवलेलं हसू

टचिंगरावांना त्यांच्या सासूबाईंनी एकतीस वर्षांत एकदाही जावई म्हटलं नव्हतं. ते दारात दिसले की सासूबाई आतल्या खोलीकडे तोंड करून सांगत, "फोटोवाले आलेत." मग आतून त्यांचा मुलगा, म्हणजे टचिंगरावांचा मेहुणा, बाहेर येऊन खुर्ची पुढे करी. विजेचं मीटर बघायला येणाऱ्या माणसाचीही वर्दी त्या अगदी याच सुरात देत. फरक एवढाच, की मीटरवाल्याला पाणी लवकर मिळे.

टचिंगराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. बाजाराच्या कोपऱ्यावर एक जुना फोटो स्टुडिओ होता, त्याच्या मागच्या खोलीत बसून ते फोटोंना टचिंग करत, म्हणून मालकांनी ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं. लोकांच्या गालांवरची मुरमं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, दाढी करताना झालेले वार, हे सगळं बारीक ब्रशाने आणि पात्याच्या टोकाने नाहीसं करायचं, हे त्यांचं काम. पुढे मालकांनी दर्शनी भागात कॉम्प्युटर आणून ठेवला, तरी मागच्या खोलीतलं उतरतं टेबल, भिंग आणि डार्करूम जागची हलली नाही. मोठा, काळापांढरा, भिंतीवर लावायचा फोटो असला की काम मागच्या खोलीतच जाई. कॉम्प्युटरबद्दल कुणी विचारलंच तर टचिंगराव म्हणत, "त्याला अजून वेळ आहे. वयाने लहान आहे तो."

त्यांच्या कामाची एक रीत होती. फोटो टेबलावर ठेवायचा तो उलटा. हनुवटी वर, कपाळ खाली. त्यांच्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, "चेहरा सरळ ठेवलास तर तो तुला काम करू देणार नाही. तू नाक बघायला जाशील आणि अख्खा माणूस अंगावर येईल. मग तू त्याला घाबरशील, नाहीतर प्रेमात पडशील, नाहीतर हा आपल्या काकासारखा दिसतो म्हणून वेळ घालवशील. उलटा ठेव. मग तो माणूस राहत नाही. नुसते उंचवटे आणि खळगे राहतात. ते बुजवायचे आणि घरी जायचं."

टचिंगरावांनी हे अक्षरशः पाळलं. उलट्या फोटोत त्यांनी मोठमोठ्या साहेबांची नाकं न घाबरता घासली होती.

पण चेहरा हा प्रकार असा एकसंध का येतो, याचं कुतूहल त्यांना सुटलं नाही. शेजारच्या दुकानदाराने मिशी काढली, तेव्हा अर्ध्या बाजाराने त्याला विचारलं, "बारीक झालात का?" उरलेल्या अर्ध्याने विचारलं, "चष्मा बदलला का?" मिशीचं नाव एकानेही काढलं नाही. टचिंगरावांनी हे मनात नोंदवून ठेवलं. एकदा त्यांनी दोन फोटो नाकाच्या वर आडवे कापले, एकाचा वरचा अर्धा आणि दुसऱ्याचा खालचा अर्धा नीट जुळवून ठेवला आणि मालकांना चहाच्या पैजेवर विचारलं, "ओळखा कोण." मालक पाच मिनिटं डोकं खाजवत राहिले. "हा आपल्याकडे कधी आला होता?" टचिंगरावांनी खालचा तुकडा बोटभर बाजूला सरकवला. मालक चपापले. वरचं कपाळ आणि डोळे त्यांचे स्वतःचेच होते, आणि खाली पोस्टमन होता. साठ वर्षं आरशात बघितलेले स्वतःचे डोळे त्यांनी पोस्टमनच्या हनुवटीपायी ओळखले नव्हते. चहा तर त्यांनी पाजलाच, पण त्या दिवसापासून ते पोस्टमनशी जरा तुटक वागू लागले.

खुद्द टचिंगरावांचं लग्नही या उलट्या कामातूनच जमलं. कुठल्याशा अर्जासाठी एका मुलीने फोटो काढून घेतला होता. दात दाखवू नका असं मालकांनी दोनदा सांगूनही ती ऐन वेळी हसली होती. टचिंगराव तेव्हा पंचविशीत होते. त्यांनी दोन दिवस तो फोटो उलटा ठेवून काम केलं. तिसऱ्या दिवशी ती फोटो न्यायला आली तेव्हा मालक जेवायला गेले होते आणि काउंटरवर टचिंगराव होते. समोर अकरा पाकिटं, आणि समोर ती. त्यांना काही केल्या जुळेना. शेवटी तिने कंटाळून रस्त्याकडे मान वळवली, आणि हे एकदम बोलून गेले, "डाव्या कानाखाली तीळ, वरचा एक दात किंचित आडवा, उजवी भुवई शेवटाला विरळ. तुमचा तयार आहे."

मुलगी घाबरलीच. "तुम्ही मला कुठे बघितलंय?"

"दोन दिवस बघतोय. पण उलटं."

ती म्हणाली, "मग आता उलटी उभी राहू का? ओळख पटवायला?"

अशा बाईशी लग्न न करणं शक्यच नव्हतं. पण तिची आई आडवी आली, आणि आडवी येण्याला टचिंगरावांनीच निमित्त पुरवलं. भावी सासूबाई खुशीत याव्यात म्हणून त्यांनी त्यांचा एक फोटो स्वतःहून टचिंग करून दिला. डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या काढल्या, गळा घट्ट केला, आणि दोन भुवयांच्या मधोमध जी एक उभी खोल आठी होती, ती तर अशी पुसली की जणू नव्हतीच. सासूबाईंनी तो फोटो हातात घेतला, दूर धरला, जवळ धरला.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच," टचिंगराव म्हणाले.

"मी नाही. माझ्या कपाळावरची आठी कुठे आहे? तीन पोरं, एक नवरा आणि एक भाडेकरू सांभाळून कमावलीय मी ती. तुम्ही दोन मिनिटांत पुसलीत." मग मुलीकडे वळून त्या म्हणाल्या, "करायचं तर कर लग्न. पण हा माणसं पुसतो, एवढं लक्षात ठेव."

लग्न झालं. आणि फोटोवाले ते फोटोवालेच राहिले. टचिंगरावांनी काय नाही केलं. सासूबाईंचं दुखणं काढलं, त्यांच्या भाडेकरूशी भांडले, मेहुण्याच्या मुलीला गणित शिकवलं आणि त्यात स्वतः नापास झाले. बाजारात मान होता, स्टुडिओत मान होता. एकाच घरात नव्हता, आणि त्यांना नेमका तिथलाच हवा होता. वय छपन्न झालं, केस गेले, तरी त्या दारातून आत जाताना अजून कुणीतरी आपल्याला जावई म्हणावं, असं त्यांना वाटायचं. ते हे कुणाजवळ बोलत नसत. बायकोला न बोलताच माहीत होतं.

बायकोचं त्यांच्या धंद्यातही एक काम होतं. कुठलाही मोठा फोटो पुरा झाला की तो सरळ करून आधी तिला दाखवायचा. स्वतः टचिंगराव तो सरळ बघतच नसत, कारण त्यांना चेहरा न दिसता स्वतःच्या ब्रशाचे फटकारेच दिसत. ती भाजी चिरता चिरता मान वर करी, एक क्षण बघे आणि म्हणे, "आहे." किंवा म्हणे, "नाही." काय नाही, कुठे नाही, हे तिला सांगता येत नसे. "नाक मोठं झालं का? ओठ?" "ते मला काय ठाऊक. हा तो माणूस नाही." मग टचिंगराव भिंग घेऊन बसत आणि तासाभराने त्यांना सापडे, की डावी पापणी केसभर खाली आली आहे. केसभर पापणीने अख्खा माणूस बदलतो आणि बायकोला तो पापणी लवायच्या आत कळतो, याचं त्यांना फार नवल वाटे.

तर सासूबाईंना ऐंशी वर्षं पुरी व्हायची होती. महिनाभर आधी मेहुणा स्टुडिओत आला.

"भावोजी, आईचा एक मोठा फोटो हवाय. बैठकीत लावायला. पन्नास माणसं येणार आहेत."

"देतो की."

"पण त्यात ती हसायला हवी."

टचिंगरावांनी ब्रश खाली ठेवला. "त्यांचा हसतानाचा एखादा फोटो आहे?"

"फोटो?" मेहुणा म्हणाला. "मी तिला हसताना बघितलंय असंही छातीठोक सांगता येणार नाही. म्हणून तर तुमच्याकडे आलो."

दुसरा कुणी असता तर त्याने हात जोडले असते. टचिंगरावांना मात्र यात संधी दिसली. गेल्या वेळी आपण काढून घेतलं, आता आपण द्यायचं. आणि आठीला हात लावायचा नाही. सुरकुत्या जशाच्या तशा. फक्त एक हसू. पन्नास माणसांसमोर कापड बाजूला होईल, सासूबाई स्वतःकडे बघतील, आणि मग त्या काय म्हणतील, हे टचिंगरावांनी मनातल्या मनात इतक्यांदा म्हणून घेतलं, की एकदा ते गिऱ्हाइकासमोर मोठ्याने निघालं.

हसू आणायचं कुठून, हा प्रश्न होता. नुसतं तोंड बदलून भागत नाही, हे त्यांना धंद्याने शिकवलं होतं. हसऱ्या तोंडावर करडे डोळे ठेवले की चेहरा हसत नाही, दंड वसूल करतो. डोळेही हसरे हवेत. विचार करता करता त्यांच्या लक्षात आलं, की काखेत कळसा आणि गावाला वळसा चाललाय. मेहुण्याचे डोळे हुबेहूब आईचे होते, आणि तो ऊठसूट हसायचा. आणि तोंड? स्टुडिओच्या जुन्या पेटीत एकतीस वर्षांपूर्वीची एक निगेटिव्ह होती, दात दाखवू नका म्हटल्यावर हसलेली. माल सगळा घरचाच. परक्याचं काही नाही.

त्यांनी डार्करूममध्ये तिन्ही निगेटिव्ह एकाच मापात छापल्या. सासूबाईंचा प्रिंट रीतीप्रमाणे टेबलावर उलटा चिकटवला. मग पातं घेऊन मेहुण्याचे डोळे कापले. मग बायकोचा प्रिंट घेतला, तोही उलटा करायला गेले, आणि हात थबकला.

ती हसत होती. रीत रीतीच्या जागी, पण हे हसू उलटं धरायला त्यांचा हात होईना. त्यांनी प्रिंट सरळच ठेवला, जरा वेळ बघत बसले, आणि सरळच कापला. डोळेही त्याच्याशेजारी बशीत सरळ मांडून ठेवले. एवढ्याशा प्रेमाने पुढे काय गोंधळ होणार आहे, याची त्यांना कल्पना नव्हती.

चिमट्याने उचलून त्यांनी ते तुकडे होते तसेच त्या उलट्या चेहऱ्यावर बसवले. तोंडाच्या जागी तोंड, डोळ्यांच्या जागी डोळे. सांधे बुजवले. आठ दिवस ब्रश चालवला. आणि एका दुपारी भिंग बाजूला ठेवून बघितलं, तर उलट्या सासूबाई त्यांच्याकडे बघून हसत होत्या. इतकं गोड हसू त्यांना त्या घरात कधी कुणी दिलं नव्हतं. टचिंगरावांना भरून आलं. त्यांनी नाक पुसलं आणि टेबलावरच्या सासूबाईंना हलक्या आवाजात म्हणाले, "पोचलं."

आता फोटो बायकोला दाखवायचा होता. पण तिने स्वतःचा आडवा दात तिथल्या तिथे ओळखला असता, आणि माहेरी बातमी संध्याकाळच्या आत गेली असती. तेव्हा या एका वेळेपुरती त्यांनी रीत मोडली. स्वतःच कॉपी केली, स्वतःच मोठा प्रिंट काढला, तोही ट्रेमध्ये उलटाच, आणि कागदात गुंडाळून फ्रेमवाल्याकडे नेला. फ्रेमवाला फ्रेम कापडात बांधून देताना त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "काका, असा फोटो मी आजवर फ्रेम केला नाही." टचिंगरावांनी मान झुकवून ती स्तुती स्वीकारली.

तो दिवस आला. बैठकीत पन्नास खुर्च्या, पन्नास माणसं. मधल्या हाताच्या खुर्चीत सासूबाई, आठीसकट. "फोटोवाले आलेत," त्या म्हणाल्या, आणि टचिंगराव आज पहिल्यांदा त्यावर मनापासून हसले. शेवटचंच ऐकतोय, असं त्यांना वाटलं. भिंतीला टेकवून फ्रेम उभी केली होती. मेहुण्याने दोन शब्द बोलायचे म्हणून बावीस मिनिटं घेतली आणि कापड ओढलं.

चहाचा कप बशीवर ठेवल्याचा आवाज तेवढा झाला. चौकटीतून जे बघत होतं ते कुणी माणूस नव्हतं. पापण्या डोळ्यांच्या खाली गेल्या होत्या. बुबुळं वरच्या वर टांगली होती. तोंडाची दोन्ही टोकं खाली ओढलेली, वरचे दात खाली, खालचा ओठ वर, आणि त्या सगळ्याच्या मधोमध, एका सुरकुतीलाही धक्का न लावता, सासूबाई होत्या. गणपती करायला गेलं आणि माकड झालं, तरी लोक सांभाळून घेतात. इथे माकडालाही पळावंसं वाटलं असतं.

सवयीने टचिंगरावांनी बायकोकडे बघितलं. तिने एक क्षण फोटो बघितला.

"नाही," ती म्हणाली.

टचिंगरावांना सगळं एकदम कळलं. बशी, चिमटा, सरळ कापलेलं हसू. त्यांची पाचावर धारण बसली, पण हात धंद्याचे होते. ते पुढे धावले, फ्रेम उचलली आणि गर्रकन उलटी केली.

"अगं बाई," पहिल्या रांगेतली एक शेजारीण म्हणाली, "किती गोड हसल्यात."

"खरंच की," दुसरी म्हणाली. "मघाशी उजेडच नीट नव्हता."

पन्नास माणसांनी सुटकेचा श्वास सोडला. डोक्यावर उभ्या असलेल्या सासूबाई खरोखरच फार प्रेमळ दिसत होत्या. एका गृहस्थाने शंका काढली, की वहिनींची हनुवटी वर कशी, तर मेहुणा त्याला दरडावून म्हणाला, "आता असेच लावतात, नवीन पद्धत आहे." टचिंगराव जड फ्रेम छातीशी धरून उभे होते. एकतीस वर्षांचं सगळं आता हातातून जाणार, हे त्यांना दिसत होतं, आणि आयुष्यभर असंच उभं राहायला लागलं तरी त्यांची तयारी होती.

"फोटोवाले," सासूबाई म्हणाल्या. "सरळ करा."

"नको," टचिंगराव म्हणाले. "चूक झाली माझी. मी दुसरा देतो."

"सरळ करा म्हणते ना."

त्यांनी सरळ केला. सासूबाईंनी चष्मा मागवला, पुसला, घातला. खुर्चीतून उठल्या, काठी टेकत फ्रेमपाशी आल्या आणि त्या तोंडासमोर तोंड आणून उभ्या राहिल्या. ऐंशी वर्षांची सासू आणि तिचं ते भूत, मध्ये वीतभर अंतर. टचिंगरावांनी डोळे मिटून घेतले.

आधी त्यांना वाटलं, त्या खोकताहेत. मग वाटलं, रडताहेत. डोळे उघडले तर सासूबाईंचे खांदे हलत होते, चष्मा नाकावरून घसरला होता आणि त्या हसत होत्या. आवाज न करता, मग आवाज करून, मग काठी मेहुण्याच्या हातात देऊन. आणि टचिंगराव, जन्मभर चेहऱ्यांवर पोट भरलेला माणूस, आ वासून बघत राहिले. त्यांनी जमवलेलं सगळंच चुकलं होतं. तोंड नीट चिकटवलं असतं तरी चुकलंच असतं. सासूबाई हसल्या की तोंड फार उघडत नव्हतं. डोळे जवळजवळ मिटत होते. आणि कपाळावरची आठी जात नव्हती, ती आणखी खोल होत होती, आणि तिच्याच आधाराने बाकीचा चेहरा उजळत होता. हे त्या आठीचं हसू होतं. मुलाच्या डोळ्यांत किंवा मुलीच्या ओठांत ते कितीही शोधलं तरी मिळालं नसतं.

"आहे," त्यांच्या मागे उभी राहिलेली बायको अगदी हळू म्हणाली. ती फोटोकडे बघत नव्हती.

सासूबाईंनी डोळे पुसले आणि फ्रेमच्या काचेवर, बरोबर दोन भुवयांच्या मध्ये, बोट ठेवलं.

"ही नाही पुसलीत या वेळी."

"नाही," टचिंगराव म्हणाले.

"आणि हा दात आमच्या मुलीचा."

"हो."

"आणि डोळे या गाढवाचे." मेहुण्याने मान खाली घातली. सासूबाई परत खुर्चीत बसल्या, चष्मा नीट केला. "आयुष्यभर लोक मागे लागलेत, हसा, जरा हसा. आता बघा म्हणावं, मी हसले की कशी दिसते. भिंतीवर लावा तो. दारासमोर, सरळच लावा. पुन्हा कुणी हसा म्हणणार नाही." आणि आतल्या खोलीकडे तोंड करून, नेहमीच्याच सुरात, त्यांनी हाक दिली, "अगं, हातोडी आणि खिळा आण कुणीतरी. जावईबापू उभे आहेत केव्हाचे."

हातोडी आली. टचिंगरावांनी खिळा भिंतीला लावला, पण डोळे इतके भरून आले होते की पहिला घाव अंगठ्यावर बसला.